कोरोना निगेटिव्ह, मग ताप कशाचा?



२०२१ चा पावसाळा सुरू झाला होता. कोरोनाची दुसरी लाट ओसरत होती आणि तिसऱ्या लाटेची चर्चा टीव्हीवर रंगली होती. या दोन लाटांच्या मधल्या काळात आपल्या वस्त्यांमध्ये जो ताप घराघरात येणार होता, त्याबद्दल मात्र कुणी बोलायला तयार नव्हते. मुंबईत, कोकणात, विदर्भात दर पावसाळ्यात ताप येतोच. तो डेंग्यूचा असतो, मलेरियाचा असतो, लेप्टोचा असतो, टायफॉईडचा असतो, स्क्रब टायफसचा असतो. कोरोना आला म्हणून हे आजार रजेवर गेलेले नाहीत.

पण त्याआधीच्या दीड वर्षात तापाला एकच नाव उरले होते. तापाने फणफणलेला माणूस दवाखान्याच्या दारात गेला की त्याला एकच प्रश्न विचारला जात होता: कोरोनाची टेस्ट केली का? रिपोर्ट नसेल तर आत घेत नव्हते. रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर कोविड सेंटरला पाठवत होते. आणि रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर? तर "काही नाही, घरी जा, गोळी घ्या" असे सांगून परत पाठवत होते. माणूस तापलेलाच घरी येत होता. त्याला काय झाले आहे, हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसायचा.

माझे म्हणणे सरळ आहे. साथीच्या काळात तापाच्या रुग्णाची तपासणी दोन हेतूंनी होऊ शकते. पहिला हेतू, हा माणूस आपल्याला धोकादायक आहे का, हे पाहणे. दुसरा हेतू, या माणसालाच कसला धोका आहे, हे शोधणे. आपल्या व्यवस्थेने पहिली तपासणी सगळीकडे केली आणि दुसरी नशिबावर सोडली. "तू आम्हाला बाटवशील का?" हा प्रश्न आपल्या समाजाला हजारो वर्षे दारावर विचारला गेला आहे. तोच प्रश्न कोरोनाच्या काळात हातात यंत्र घेऊन विचारला गेला असेल, तर आपण तो ओळखायला हवा. संसर्ग रोखणे गरजेचे आहे, त्याबद्दल वाद नाही. पण संसर्ग रोखून झाल्यावर रुग्णाकडे पाठ फिरवणे याला आरोग्यसेवा म्हणत नाहीत, याला राखण म्हणतात.

थर्मल गनला काय दिसत नाही?

आधी या यंत्राचीच गोष्ट करू. कपाळावर रोखलेली थर्मल गन त्या क्षणाचे तापमान सांगते, एवढेच. पॅरासिटामॉल घेऊन आलेला माणूस तिच्यातून सुटतो. मलेरियाचा ताप थंडी वाजून येतो, घाम येऊन उतरतो आणि पुन्हा येतो. उतरलेल्या वेळात तपासले तर माणूस ठणठणीत दिसतो.

डेंग्यूची गोष्ट तर याहून गंभीर आहे. डेंग्यूमध्ये खरा धोका अनेकदा ताप उतरताना सुरू होतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप कमी होतो, घरच्यांना वाटते बरे वाटायला लागले. आणि नेमके त्याच वेळी रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो, रक्तदाब घसरतो, पोट दुखते, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येते. थर्मल गन त्या वेळी हिरवा दिवा दाखवते. बोटाला लावलेला ऑक्सिमीटरही ९८ दाखवू शकतो. म्हणजे ज्या दोन यंत्रांवर आपण दीड वर्ष विश्वास टाकला, ती दोन्ही यंत्रे मरणाच्या वाटेवरच्या डेंग्यूच्या रुग्णाला "नॉर्मल" म्हणू शकतात. दोष यंत्राचा नाही. यंत्राला जे विचारले त्याचे उत्तर त्याने दिले. पुढचे विचारायचे काम माणसाचे होते.

हा कायदा कुणासाठी होता?

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात जो साथरोग कायदा लागू झाला, तो १८९७ चा आहे. मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातले तेव्हा इंग्रज सरकारने तो घाईघाईने केला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा होता. त्यात सरकारला तपासणीचे आणि माणसांना वेगळे ठेवण्याचे अधिकार होते, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा होती, अधिकाऱ्यांना संरक्षण होते. रुग्णाला उपचार मिळाला पाहिजे, असे एक अक्षर त्यात नव्हते. घरे झडत होती, रेल्वे स्टेशनांवर प्रवासी तपासले जात होते, माणसे छावण्यांत नेली जात होती.

त्याच वर्षी, त्याच पुण्याच्या परिसरात सावित्रीमाई काय करत होत्या? डॉ. यशवंतरावांनी शहराबाहेर हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या प्लेग झालेल्या मुलाला माईंनी स्वतः उचलून तिथपर्यंत नेले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सरकार रुग्णाला लोकांपासून दूर नेत होते, माई रुग्णाला डॉक्टरपर्यंत नेत होत्या. एकाच साथीत या दोन परंपरा समोरासमोर उभ्या होत्या. आपण कोणत्या परंपरेचे वारस आहोत, हे वेगळे सांगायला नको.

कोणता ताप कुणाच्या अंगावर येतो?

रोगाला जात नसते, असे सांगणारे बरेच भेटतात. जंतूला जात नसेल, पण जंतूपर्यंत पोहोचणाऱ्या कामाला जात असते.

लेप्टो घ्या. उंदीर, कुत्रे, गुरे यांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात आणि चिखलात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून, भेगेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने लेप्टोची साथ पाहिली आहे. गटारात कोण उतरते? नाल्यातला गाळ कोण काढतो? कोकणात चिखलात उभे राहून भाताची लावणी कोण करते? लेप्टोमध्ये ताप येतो, अंग दुखते, पोटऱ्या इतक्या दुखतात की चालवत नाही, डोळे लाल होतात. पुढे कावीळ होते, लघवी कमी होते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, फुप्फुसात रक्तस्राव होऊ शकतो. आता समजा, एखादा सफाई कामगार ताप, अंगदुखी आणि दम लागणे घेऊन दवाखान्यात गेला. कोरोनाच्या चष्म्यातून पाहिले तर तो शंभर टक्के कोरोनाचाच रुग्ण दिसेल. "तुम्ही काम काय करता? गेल्या आठवड्यात साचलेल्या पाण्यात उतरला होता का?" एवढे विचारले तर दिशा बदलू शकते. लेप्टोवर अँटिबायोटिक आहे, ते महागडे नाही, पण ते वेळेवर सुरू व्हावे लागते.

स्क्रब टायफस घ्या. गवतातल्या, झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्यातून तो होतो. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात त्याने माणसे मेली. चाव्याच्या जागी अनेकदा सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली दिसते. काखेत, जांघेत, कमरेला, कपड्याखाली ती लपलेली असते. अंगाला हात न लावता, दोन मीटर अंतरावरून औषध लिहून देणाऱ्याला ती दिसणार कशी? यावरचे डॉक्सिसायक्लिन हे औषध जुने आणि स्वस्त आहे. गवत कापणाऱ्या, गुरे चारणाऱ्या, रानात सरपण गोळा करणाऱ्या बाईच्या अंगावरची ती खपली कुणी पाहिलीच नाही, तर स्वस्त औषध असून उपयोग काय?

मलेरिया घ्या. महाराष्ट्रात त्याचा मोठा भार गडचिरोलीचे आदिवासी वाहतात. बोटातून रक्ताचा एक थेंब घेऊन पंधरा-वीस मिनिटांत निदान करणारे किट आहे, ते वापरायला आशाताईंना शिकवलेलेही आहे. फाल्सिपॅरम जातीचा मलेरिया मेंदूपर्यंत गेला तर काही दिवसांत जीव जातो. अशा भागात तापाच्या रुग्णाच्या नाकातला नमुना घ्यायचा आणि बोटातला थेंब घ्यायचा नाही, हा कसला शहाणपणा?

आणि डेंग्यू. त्याचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. आपल्या वस्तीत पिंपे का भरून ठेवावी लागतात? नळाला पाणी अर्धा तास येते म्हणून. महाडच्या तळ्यापासून चाललेली पाण्याची लढाई अजून संपलेली नाही, ती आता पिंपाच्या तळाशी अळ्या होऊन वळवळते आहे.

सहा लाख रुग्ण गेले कुठे?

सर्वात मोठी किंमत टीबीच्या रुग्णांनी मोजली. देशात २०१९ मध्ये टीबीच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती नोंद सुमारे १८ लाखांवर आली. जवळपास एक चतुर्थांश घट! एका वर्षात टीबी एवढा कमी झाला असे कुणी म्हणेल का? लोक मास्क लावत होते, घरात होते, म्हणून थोडा फरक पडला असे समजू. पण दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे महिनोन्महिने कोंडली गेली, मजुरी बुडाली, ताटातले अन्न कमी झाले. टीबी वाढायला यापेक्षा चांगली जमीन कोणती हवी? रुग्ण कमी झाले नाहीत, रुग्ण शोधणे कमी झाले. कर्मचारी कोरोनाच्या कामाला लागले, टीबीचे निदान करणारी यंत्रेही कोरोनाच्या चाचणीला लावली गेली. खोकला, ताप, दम ही लक्षणे दोन्हीकडे आहेत. कोरोनाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की खोकणाऱ्या माणसाच्या हातात खोकल्याचे औषध पडले. तो मात्र घरातल्या लेकरांसमोर खोकतच राहिला.

"हे सरकारला माहीत नव्हते" असे कुणी म्हणू नये. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने लेखी सूचना काढली की कोरोनाच्या रुग्णांची टीबीसाठी आणि टीबीच्या रुग्णांची कोरोनासाठी, अशी दुहेरी तपासणी करा. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच मंत्रालयाने आणखी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात डेंग्यू, मलेरिया, चिकनगुनिया, लेप्टो, स्क्रब टायफस आणि हंगामी फ्लू हे आजार कोरोनासारखेच दिसू शकतात आणि कोरोनासोबतही असू शकतात, हे स्पष्ट सांगितले होते. कागद तयार होता. प्रश्न आहे तो कागद वस्तीजवळच्या दवाखान्यात पोहोचला का आणि त्यासोबत किट, तंत्रज्ञ, औषधे पोहोचली का.

कोरोना आणि दुसरा आजार एकत्र असतो का, अशी शंका असेल तर सप्टेंबर २०२० आठवा. दिल्लीचे उपमुख्यमंत्री मनीष सिसोदिया कोरोना पॉझिटिव्ह होते, त्यांना डेंग्यूही निघाला. निदान झाले, उपचार झाले, ते बरे झाले. चांगलेच झाले, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न एवढाच की एका मंत्र्याच्या रक्ताची जी दुसरी तपासणी होते, ती नाका कामगाराच्या रक्ताची का होत नाही?

डॉक्टरांवर ओझे आहे, पण...

आता नेहमीचे आक्षेप पाहू.

पहिला आक्षेप: डॉक्टर, नर्स दमले होते, त्यांना दोष देऊ नका. मान्य. दमलेल्या नर्स, वॉर्डबॉय, आशाताई, सफाई कामगार यांच्यात आपलीच माणसे मोठ्या संख्येने आहेत. पण म्हणूनच हा लढा त्यांच्याविरुद्ध नाही, त्यांना तुटपुंज्या साधनांवर उभे करणाऱ्या धोरणाविरुद्ध आहे. रिकामी पदे कुणी भरली नाहीत? मंदिरे, पुतळे, संसद भवन यांना पैसा होता आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियनला नव्हता, हे कुणी ठरवले?

दुसरा आक्षेप: प्रत्येक तापाच्या रुग्णाच्या सगळ्या चाचण्या करणे परवडणार नाही. सगळ्या चाचण्या करा, असे कुणीच म्हणत नाही. प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. उत्तरांवरून ठरवा कोणाची मलेरियाची, कोणाची डेंग्यूची, कोणाची थुंकीची तपासणी करायची. सरकारने "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहिमेत कर्मचारी घरोघर पाठवले. टीबी आणि कुष्ठरोगाचे रुग्ण शोधायला डिसेंबर २०२० मध्ये पुन्हा वेगळी मोहीम काढावी लागली. एकाच उंबरठ्यावर उभे राहून दोन्ही गोष्टी विचारता आल्या असत्या.

तिसरा आक्षेप: असे केले तर कोरोनाचे रुग्ण "डेंग्यू आहे" म्हणून सुटतील आणि साथ पसरवतील. हा आक्षेप खरा आहे. सिंगापूरमध्ये २०२० च्या सुरुवातीला दोन रुग्णांची डेंग्यूची चाचणी चुकीची पॉझिटिव्ह आली आणि प्रत्यक्षात त्यांना कोरोना होता. अँटिजेन टेस्टही चुकीची निगेटिव्ह येऊ शकते. पण यातून निष्कर्ष काय निघतो? एक रिपोर्ट आला की विचार थांबवू नका, हाच. पॉझिटिव्ह असो की निगेटिव्ह, कोणताही एक कागद बाकीचे आजार रद्द करत नाही. रुग्णाला वेगळे ठेवा, मास्क द्या आणि वेगळे ठेवलेल्या ठिकाणीच त्याची बाकीची तपासणी करा. विलगीकरण आणि उपचार एकत्र चालू शकतात.

हे जगाने पाहिलेले आहे. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत गिनी, लायबेरिया, सिएरा लिओन या देशांत एबोलाची साथ आली. एबोला आणि मलेरिया सुरुवातीला सारखेच दिसतात: ताप, डोकेदुखी, उलट्या. दवाखाने बंद पडले, लोक भीतीने दवाखान्यात जाईनात. एबोलाने ११ हजारांहून अधिक माणसे मेली. आणि त्या काळात आरोग्यसेवा कोसळल्यामुळे मलेरिया, टीबी, एचआयव्हीने जास्तीची जी माणसे मेली, त्यांची संख्याही जवळपास तेवढीच असावी, असा अंदाज अभ्यासकांनी नंतर मांडला. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने मोनरोव्हिया आणि फ्रीटाऊनमध्ये घरोघर मलेरियाच्या गोळ्या वाटल्या, कारण मलेरिया कमी झाला की एबोला समजून वेगळे ठेवावे लागणारे तापाचे रुग्णही कमी होतात. म्हणजे दुसऱ्या आजाराकडे लक्ष दिल्याने साथीविरुद्धची लढाई कमजोर होत नाही, मजबूत होते.

ही भीक नाही, हक्क आहे

१९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला मार लागलेला हा माणूस एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरत राहिला. कुठे सोय नाही, कुठे खाट नाही. शेवटी खासगी रुग्णालयात पैसे भरून उपचार घ्यावे लागले. त्याच्या शेतमजूर संघटनेने लढा दिला आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पैसे नाहीत, हे कारण सरकारला सांगता येणार नाही. बाबासाहेबांनी घडवलेल्या संविधानाचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानते. तेव्हा रिपोर्ट नाही म्हणून गंभीर रुग्णाला दारातून परत पाठवणारे रुग्णालय नुसते उद्धट वागत नाही, ते संविधानाच्या विरोधात वागते. आणि लक्षात घ्या, हा निकाल संघटनेने मिळवला. एकट्या हकीम शेखला तो मिळाला नसता.

कार्यकर्त्यांनी काय करायचे?

बाबासाहेबांनी दिलेला पहिला आदेश शिकण्याचा आहे. दुसऱ्या लाटेत आपल्या तरुणांनी ऑक्सिजन मिळवला, रेशन वाटले, मृतांचे अंत्यसंस्कार केले. आता प्रत्येक बुद्धविहारात, प्रत्येक मंडळात चार-पाच जणांनी तापाची माहिती शिकून घ्यावी. डॉक्टर व्हायचे नाही, औषधेही वाटायची नाहीत. पण दवाखान्यात नेताना काय सांगायचे आणि काय विचारायचे, हे कळले पाहिजे.

वस्तीत ताप आला की हे विचारा आणि कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. ताप किती दिवसांचा आहे? काम काय करतो, साचलेल्या पाण्यात, गटारात, शेतात, रानात गेला होता का? थंडी वाजून येतो का? घरात, शेजारी आणखी कुणाला ताप आहे का? दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का, वजन कमी झाले आहे का, रात्री घाम येतो का? अंगावर पुरळ किंवा काळी खपली आहे का? लघवी कमी किंवा लाल होते आहे का? बाई गरोदर आहे का?

यापैकी काही दिसले तर उद्यावर ढकलू नका, लगेच रुग्णालय गाठा: दम लागणे, बडबड किंवा शुद्ध हरपणे, झटके, मान ताठणे, सतत उलट्या, पोटात जोराची कळ, कुठूनही रक्त जाणे, कावीळ, लघवी बंद होणे, हातपाय गार पडणे, लहान मुलाने दूध किंवा पाणी सोडणे. कोरोनाचा रिपोर्ट काहीही असो.

डेंग्यूची शंका असताना अंगदुखीसाठी ब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मेडिकलवाल्याकडून आणून घेऊ नका, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पुराच्या पाण्यातून चालून आलेल्यांनी लेप्टो टाळण्याच्या गोळीसाठी एक-दोन दिवसांतच पालिकेच्या दवाखान्यात विचारणा करावी. ताप लपवू नका. भीतीने ताप लपवणारा माणूस कोरोनाही पसरवतो आणि मलेरियानेही मरतो.

आणि मागण्या घेऊन वॉर्ड ऑफिसवर, तहसीलवर, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे जा. प्रत्येक फिव्हर क्लिनिकमध्ये कोरोनासोबत मलेरिया आणि डेंग्यूची तपासणी मोफत झाली पाहिजे. खोकल्याच्या निगेटिव्ह रुग्णाची थुंकी तपासली पाहिजे. सफाई कामगारांना गमबूट, हातमोजे मिळाले पाहिजेत आणि ताप आल्यावर पगारी रजा मिळाली पाहिजे, कंत्राटी कामगारांनाही. कोरोना निगेटिव्ह म्हणून घरी पाठवलेल्या तापाच्या रुग्णाची दोन दिवसांनी चौकशी झाली पाहिजे. आणि आपल्या वॉर्डात या वर्षी कोणत्या तापाने किती माणसे मेली, त्याचा हिशेब जाहीर झाला पाहिजे. मेलेल्या माणसाच्या कागदावर नुसता "ताप" लिहून चालणार नाही.

कोरोनाने मेलेल्यांची निदान मोजदाद तरी झाली, तीही अपुरी. निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन जे घरी मेले, ते कोणत्याही आकड्यात नाहीत. या पावसाळ्यात आपल्या वस्तीत तसा एकही मृत्यू होऊ द्यायचा नाही. निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन कुणी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना दिसला, तर त्याला थांबवा, सोबत परत वर जा आणि डॉक्टरांना विचारा: मग ताप कशाचा आहे?

जय भीम! जय संविधान!